अलोऱ्याहून ऐकलेलं पाणी

आधी माझी चूक सांगतो. ती बाजूला ठेवून लिहिलं तर हे नुसतं आजारपणाचं रडगाणं होईल.

टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ अण्णा आणि वहिनी मुंबईहून गावी यायला निघाले. आमच्या वाडीने त्यांना यायला परवानगी दिली होती. मी अण्णाला फोनवर सांगितलं की वाडी नाही म्हणते. ती माणसं घरापासून तासाभराच्याही अंतरावर नव्हती. तिथून ती मागे फिरली.

हे मी भीतीपोटी केलं. त्या भीतीला पुढे डॉक्टरांनी एक नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि मी बराही झालो. ज्यांना आज असाच त्रास होतोय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पण भीतीचा आजार वेगळा आणि भीतीने बोललेलं खोटं वेगळं, हे कळायला मला फार वेळ लागला. म्हणून दोन्ही लिहितो.

हातखंब्याचा फोन

मी पन्नाशीतला माणूस. रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात प्रयोगशाळेत मदतनीस आहे. गावाहून स्कूटरने जातो-येतो. घरात बायको मंदा आणि मी. घरामागे कलमांची लहानशी बाग आणि बागेत मांगर, म्हणजे राखणीला बांधलेली जांभ्या दगडाची एक खोली. अण्णाने उभा जन्म मुंबईतल्या एका छापखान्यात काढला. घर दोघांचं, पण राहतो मी.

आमच्याकडे वाडीचे निर्णय गावकी घेते. प्रत्येक घरातला एक जाणता माणूस बसतो, बोलणं होतं आणि जे ठरेल ते सगळे पाळतात. गावकीच्या शब्दाला कोणी फाटे फोडत नाही. त्या दिवसांत बाहेरून येणाऱ्यांना आधी शाळेत ठेवायचं ठरलं होतं.

अण्णा पास काढून, भाड्याच्या गाडीने निघाला. सकाळी गावकीचे प्रमुख, गावकार भिकूदादा, यांचा मला फोन आला.

"सुधाकर, शाळा भरली हाय. पण तुझ्या बागेत मांगर हाय ना? तितं ऱ्हाव दे अण्णाला. पानी, जेवान आमी बांधावर ठेवू. वाडीची काय हरकत नाय."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग ओटीवर बसून राहिलो. गेले कित्येक दिवस मी टीव्हीसमोरून हललो नव्हतो. मुंबईतल्या रुग्णालयांच्या बाहेरच्या रांगा, पिशव्यांत बांधलेली माणसं. अण्णाची गाडी येताना दिसण्याऐवजी मला ते सगळं रस्त्याने चालत माझ्या अंगणात येताना दिसायला लागलं.

दुपारी अण्णाचा फोन आला. "हातखंब्याला पोचलो. पोलिसांनी कागद बघितले. आता सरळ घरी येऊ की शाळेत?"

माझ्या तोंडून शब्द असे निघाले की जणू पाठ केले होते. "अण्णा, गावकी नाही म्हणते."

"नाही म्हणजे? शाळेत जागा नसेल तर मांगरात राहू आम्ही."

"तिथंही नको म्हणतायत."

"भिकूदादा बोलला असं?"

"हो."

पलीकडे ट्रकचे हॉर्न वाजत होते. वहिनी काहीतरी विचारत होती. मग अण्णा म्हणाला, "बरं. गावकीचा शब्द आहे, तू तरी काय करणार? तू मनाला लावून घेऊ नको."

वहिनीचा भाऊ चिपळूणकडे, अलोऱ्याला वीजप्रकल्पाच्या जुन्या वसाहतीत राहतो. गाडी आल्या वाटेने वळली आणि ती दोघं तिकडे गेली.

मी फोन ठेवून वळलो तर मंदा दारात उभी होती. सकाळचं बोलणं तिने ऐकलं होतं आणि हेही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मांगर झाडून ठेवला होता मी."

आढीचा वास

त्याच आठवड्यात मी आढीतले आंबे बघत होतो. पेंढ्यात लावलेला हापूस पिकायला लागला की अख्ख्या घरात वास भरून राहतो. मी फळ नाकाशी नेलं आणि मनात आलं, आपल्याला वास येतोय ना? वास जाणं हे लक्षण आहे, हे तेव्हा सगळ्यांनाच माहीत झालं होतं.

वास येत होता. पण थोड्या वेळाने पुन्हा खात्री करावीशी वाटली. मग पुन्हा. मी दिवसभर आढीच्या खोलीत ये-जा करू लागलो. मंदाला वाटलं, फळ नासतंय म्हणून बघतो. मी प्रत्येक आंबा हुंगत होतो आणि दर वेळी वाटत होतं की मघापेक्षा वास कमी आला.

तिथेच, पेंढ्यावर गुडघे टेकलेले असताना, छाती एकदम आवळली. हात गार पडले. बोटांना मुंग्या आल्या. तोंड उघडून श्वास घेत होतो, पण तो गळ्याच्या खाली उतरतच नव्हता. आपण आत्ता, या आंब्यांत मरणार, याबद्दल मला तिळमात्र शंका राहिली नाही. मंदाने पाठीवर हात ठेवला तर मी तिला ढकललं. "लांब हो! तुला होईल!"

काही मिनिटांत ते ओसरलं. दुसऱ्या दिवशी परत आलं. मग अंघोळीच्या दगडावर, मग जेवताना. शेवटी रुग्णवाहिका बोलवावी लागली. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी मला पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून खाली नेलं तेव्हा वाडीतली माणसं आपापल्या कुंपणाच्या गडग्याआड उभी होती. कोणी जवळ आलं नाही. येऊ नयेच, असा नियम होता. पण भिकूदादांनी लांबून हाक मारली, "सुधाकर, घाबरू नको! मंदाकडं आमी हाव!"

ज्याचं नाव मी खोट्यासाठी वापरलं, तो माणूस मला धीर देत होता. मी मान खाली घातली.

शेजारची खाट

संशयित म्हणून मला वॉर्डात ठेवलं. तिथले दिवस सगळे सारखे. पहाटे चहा, बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजणं, काढा, गोळ्या, डब्यातलं जेवण, पुन्हा चिमटा. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त डोळे दिसत. नर्सनी पाठीवर मार्करने नावं लिहिली होती, म्हणजे एकमेकींना ओळखता यावं. एकीच्या पाठीवर 'संध्या' होतं. ती पाठमोरी जायला लागली की मला कळायचं, आपल्याशी बोलत होती ती संध्या.

शेजारच्या खाटेवर हर्णैचा एक बोटवाला होता. त्याला कोरोना खरोखरच झालेला होता. नाकाला नळी, दोन वाक्यांत धाप. माझी घालमेल बघून पहिल्याच दिवशी म्हणाला, "तुजा चिमटा काय सांगतो?"

मी सांगितलं, अठ्ठ्याण्णव.

"आन माजा एक्क्याण्णव. मग तू कशाला रडतंस? रडायचा नंबर माजा हाय."

मी ओशाळलो. तो नळीतून हसला आणि हसताना खोकला. थोड्या वेळाने पुन्हा, "बांगड्याचा वास आठवतो काय?"

"आठवतो."

"मग डोळं मिट आन आठव. सुका नको हां, ताजा. सुक्या बांगड्याच्या वासानं मेलेला पन उठंल, त्याचा काय भरवसा धरू नको."

मला त्या माणसाचं आजही नवल वाटतं. एकेक श्वास मोजून घ्यावा लागत होता, तरी त्यातले चार तो माझ्यावर खर्च करत होता. मी वॉर्डातून निघण्याआधी त्याची नळी काढली गेली होती. त्याने मासळीच्या लिलावाला ओरडतात तशी आरोळी मारायचा प्रयत्न केला. जमली नाही, पण सगळा वॉर्ड हसला.

तिथेच मला पुन्हा झटका आला. संध्या धावत आली. तिने मला झोपवलं नाही, बसवलं. "काका, चप्पल काढा. दोन्ही पाय लादीवर टेका. लादी कशी लागतेय?"

"गार."

"किती गार? मला सांगा. विहिरीच्या पाण्यासारखी की माठासारखी?"

मी विचार करायला लागलो. खरंच विचार केला. "माठासारखी."

"बरं. मी इथंच आहे." ती त्या कोंडलेल्या पोशाखात, घामाने निथळत, माझ्या पायाशी उकिडवी बसून राहिली. श्वास हळूहळू खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली आणि मी थक्क झालो. रात्रभर मी झोपलो होतो, मग श्वास कोणी घेतला? मी तर दिवसभर त्याच्यावर पहारा ठेवून बसायचो. मला वाटायचं, लक्ष काढलं की तो थांबेल. आणि पहारेकरी झोपल्यावर तो बिनबोभाट चालला होता, माझ्या जन्मापासून चाललाय तसा. खिडकीतून समुद्राकडचं आभाळ उजळत होतं. मी कितीतरी वेळ नुसता पोटावर हात ठेवून ते वर-खाली होणं बघत राहिलो. देवळात उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

नाव कळलं तो दिवस

तपासणीत काही निघालं नाही. पुन्हा केली, तरी नाही. मग एक डॉक्टरबाई आल्या. मनाच्या आजारांच्या. खुर्ची ओढून, अंतर ठेवून बसल्या.

"सुधाकरराव, तुमची फुप्फुसं चांगली आहेत. हृदय चांगलं आहे. तुम्हाला भीतीचा आजार झालाय."

मला राग आला. "म्हणजे मी नाटक करतोय?"

"नाही हो. अंगणात फुरसं दिसलं तर काय होतं?"

"छाती धडधडते. पाय कापतात."

"ती धडधड खरी असते ना? तुमचं शरीर फुरसं नसतानाही तसंच वागतंय. धडधड खरी, मुंग्या खऱ्या, गुदमरणंही खरं. फक्त फुरसं नाही. यावर औषध आहे. वेळ लागेल."

"वेड लागणार नाही ना?"

"नाही. आणि मरणारही नाही. यातून कोणी मरत नाही. झटका येतो तेव्हा हे आठवणार नाही, म्हणून आत्ता सांगते."

आजाराला नाव मिळालं की अर्धा भार उतरतो, हे मी अनुभवाने सांगतो. उरलेला अर्धा भार नावाने उतरणारा नव्हता. मी त्यांना विचारलं, माणसाने पाप केलं तर असं होतं का? त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "पापी माणसं बघायची तर वॉर्ड पुरणार नाहीत. आजार शिक्षा म्हणून येत नाही. तुमच्या मनात काही असेल तर ते सांगा, मला किंवा घरी. पण ते आणि हे एकात कालवू नका."

मी काही सांगितलं नाही.

अण्णाचा फोन

घरी आलो. गोळ्यांनी पहिल्या दिवसांत नुसती सुस्ती यायची आणि तोंड कोरडं पडायचं. गुण हळूहळू आला, इतका हळू की मला तो दिसतच नव्हता. मंदाने टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली. सकाळी मला बागेत नेऊन पाचोळा गोळा करायला लावायची. झटका आला तर समोर बसून, माझ्याकडून ऐकलेलं संध्याचं वाक्य म्हणायची, "लादी कशी लागतेय?" शेणाने सारवलेल्या जमिनीला ती लादी म्हणायची आणि त्या अवस्थेतही मला हसू यायचं.

मंदानेच वहिनीला कळवलं असणार. एका संध्याकाळी अण्णाचा फोन आला.

"काय रे सुद्या, श्वास हरवलाय बोलतात तुझा?"

'हो' म्हणतानाच मला धाप लागली.

"बोलू नको. नुसता ऐक. इथं कॉलनीच्या खाली नदी आहे. वरती वीज बनवून झाली की पाणी सोडतात, ते खाली येतं. आत्ता सोडलंय. थांब हां."

चपलांचा आवाज. मग खडीवरून उतरण्याचा. अण्णाचे गुडघे दुखतात, मला ऐकू येत होतं तो कसा उतरतोय ते. मग त्याने फोन पुढे धरला असावा, कारण एकदम पाण्याचा आवाज भरून आला. भरीव, सलग, न थांबणारा. मी फोन कानाला लावून ओटीवर बसलो. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाला, "बरं वाटलं? उद्या परत."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी पुन्हा. कधी पाणी नसायचं, तेव्हा समोर काय दिसतंय ते सांगायचा. "फणसाखाली दोन गाई बसल्यात. एक तुझ्यासारखी, उगाच चिंतेत." वहिनी मागून ओरडायची, "भावजींना जेवलात का विचारा आधी! ह्यांचं पाण्याचंच पुराण!"

मला घरात जागा होती. त्यांना दुसऱ्याच्या क्वार्टरमध्ये एका खोलीत दिवस काढावे लागत होते, आणि ती दोघं मला सांभाळत होती. माझ्या आयुष्यात याहून मोठं काही मी पाहिलेलं नाही. नजर वर करून बघवत नाही असं काहीतरी आपल्याला मिळतंय, असं वाटायचं. पण हे ज्या भावाला मिळत होतं तो मी नव्हतो. गावकीपुढे हतबल झालेला, बिचारा सुधाकर अण्णाच्या मनात होता. त्याला तो पाणी ऐकवत होता.

वाडी आणि अण्णा

माझं खोटं मी बरा होत असताना वाढत गेलं. टाळेबंदी सैल झाल्यावर अण्णा अलोऱ्याहून परत मुंबईला गेला. गणपतीला आला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "ज्या वाडीनं मला हातखंब्यावरून परत पाठवलं, तिथं कशाला येऊ? तुझ्याशी माझं काही नाही." पुढच्या शिमग्यालाही आला नाही. पालखी घरी आली तेव्हा देवीची ओटी मंदाने भरली. आमच्या घरात तो मान थोरल्या वहिनीचा.

इकडे वाडीत वेगळंच. भिकूदादा एकदा म्हणाले, "आमी मांगराला हो म्हटलं, पानी पोचवतो म्हटलं, तरी अण्णा आला नाय. वाडी त्याला परकी झाली." त्यांच्या डोळ्यांत खरं दुःख होतं. ते आणि अण्णा शाळेत एका बाकावर बसलेले. मग ते म्हणाले, "मीच फोन करून विचारतंय त्याला."

मी म्हटलं, नको, मी बोलतो. आणि घरी येईपर्यंत मला झटका आला. कितीतरी महिन्यांनी.

मंदा पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसली. श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"गोळी चुकवू नका. आणि अण्णांना खरं सांगा. दोन्ही करायला पाहिजे. तुम्ही एकाच्या आड दुसरं लपवताय. आजारी होतो म्हणून खोटं बोललो, असं तुम्ही मनात म्हणता. मग खोटं बोललो म्हणून आजारी पडलो, असंही म्हणता. ह्यात अण्णा कुठं आहेत? ते अजून हातखंब्यावरच उभे आहेत."

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं उलटून गेली होती. ही बाई दोन वर्षं माझं खोटं पदरात घेऊन वावरली. एकाही शब्दाने तिने मला वाडीत उघडं पाडलं नव्हतं. मी तिच्याकडे बघतच राहिलो. "बघताय काय? फोन घ्या," ती म्हणाली.

मी अण्णाला फोन केला. फोनवर सगळं सांगून मोकळं व्हावं, असं फार वाटलं. पण खोटं मी गावकीच्या नावावर बोललो होतो. ते गावकीसमोरच फेडायला हवं होतं. मी म्हटलं, "ह्या शिमग्याला ये. वयनीला घेऊन ये. गावकीसमोर मला काही सांगायचंय आणि तू तिथं पाहिजेस."

"माझी बाजू घेऊन भांडू नको कोणाशी."

"तुझी बाजू नाही, अण्णा. तू ये फक्त."

त्याने मागे वहिनीला काहीतरी विचारलं. मग म्हणाला, "येतो. तू बोलावतोस म्हणून."

सहाणेवर

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे देवळाबाहेरच्या दगडी ओट्यावर, बसते. त्या वर्षी कितीतरी दिवसांनी ढोल मोकळेपणाने वाजले. माणसं माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तोंडावर काही नसलेले एवढे चेहरे एकत्र बघून मला भरून आलं. कोण कोण उरलंय, हे प्रत्येक जण डोळ्यांनी मोजत होता.

ढोल थांबले की गावकी बसते. ज्याचं काही गाऱ्हाणं असेल, किंवा ज्याच्या हातून काही चुकलं असेल, त्याने पालखीसमोर नारळ ठेवून उभं राहायचं. मग कोणी मध्ये बोलत नाही. अण्णा आणि वहिनी एका बाजूला, पाहुण्यांसारखी, कडेला बसली होती. भिकूदादांनी त्यांच्याकडे बघितलं, अण्णाने नजर वळवली. बायकांत मंदा होती.

मी नारळ ठेवला आणि उभा राहिलो. उभा राहिलो तसे हात गार पडले. बोटांना मुंग्या. छाती आवळायला लागली. मला वाटलं होतं, निदान देवीसमोर ती भीती येणार नाही. ती आली. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी तिला परत जा म्हटलं नाही. चपला काढलेल्याच होत्या. दगड दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होता. श्वास उथळ होता, पण होता. यातून कोणी मरत नाही. थरथरत्या आवाजात बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर भिकूदादा काय म्हणाले, अण्णा काय म्हणाला आणि वहिनीने काय केलं, ते त्यांचं आहे. ते मी लिहिणार नाही. मी जे बोललो ते मात्र माझं आहे, म्हणून जसंच्या तसं लिहितो.

"भिकूदादा, त्या उन्हाळ्यात तुम्ही हो म्हटलं होतं. वाडीने अण्णाला मांगर दिला होता, पाणी द्यायला तयार होती. अण्णा, तुला नाही मी म्हटलं. वाडीने नाही, मी. मला वाटलं तुम्ही दोघं आलात तर मी मरेन, म्हणून मी गावकीचं नाव घेऊन तुम्हाला दारातून घालवलं. मी आजारी होतो हे खरं आहे, पण खोटं मी समजून-उमजून बोललो, आणि पुढं दोन वर्षं तू मला जपत असताना रोज गप्प राहून तेच खोटं परत बोललो. वाडीची माफी मागतो. वयनी, तुमची माफी मागतो. अण्णा, माझं चुकलं. मला माफ कर."